मायक्रोकंट्रोलरच्या पिनला काम नेमून देताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं प्रोजेक्टसाठी बोर्ड घेऊन येतात. ठिबकचे कंट्रोलर आणि मोटार स्टार्टर बनवणारे कारागीरही येतात. दहातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पिनच्या नेमणुकीत सापडतं. म्हणून तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माझा स्वतःचा रोजचा संबंध केळीच्या बागांसाठी ठिबक चालवणाऱ्या बोर्डांशी आहे, त्यामुळे बरीचशी उदाहरणं तिथलीच आहेत.

पिनला काम नेमायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

भुसावळचं यार्ड डोळ्यांसमोर आणा. फलाट मोजके आणि गाड्या भरपूर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे सांधा ठरवतो. चिपच्या आतही असंच असतं. यूएआरटी, एसपीआय, आयटूसी (तिन्ही दुसऱ्या उपकरणांशी बोलायच्या सोयी), टायमर, एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा) या आतल्या गाड्या, यांनाच पेरिफेरल म्हणतात, आणि बाहेरच्या पिना म्हणजे फलाट. दोघांच्या मध्ये मल्टिप्लेक्सर नावाचा सांधा बसलेला असतो आणि एका रजिस्टरमधल्या (चिपमधली सेटिंग लिहायची जागा) दोन-चार बिटांनी तो फिरतो. त्या बिटांमध्ये योग्य आकडा लिहिणं म्हणजे पिनला काम नेमून देणं.

यातून दोन गोष्टी निघतात. एका पिनवर एका वेळी एकच काम होतं. आणि प्रत्येक फलाटाला प्रत्येक गाडी लागू शकत नाही, रूळ जिथे टाकलेत तिथेच ती जाते.

अर्डुइनो उनोवर असलं काही करावं लागत नव्हतं. आता का लागतं?

उनोवरच्या अटमेगा३२८पी चिपमध्ये जागा पक्क्या आहेत. सिरियल (म्हणजे यूएआरटी) ० आणि १ वर, आयटूसी ए४ आणि ए५ वर. सिरियल चालू केलं की त्या दोन पिना आपोआप त्याच्या ताब्यात जातात, तुम्हाला विचारतही नाहीत. शिकायला हे सोपं आहे. पण एकच काम करणाऱ्या पिनवर दोन उपकरणं आली की मार्ग खुंटतो. नवीन चिपमध्ये आत पेरिफेरल खूप आणि बाहेर पाय तेवढेच, म्हणून निवड तुमच्यावर सोपवली आहे. एव्हीआर घराण्यातल्या अटमेगा४८०९ मध्येसुद्धा आता पोर्टमक्स नावाची रजिस्टरं आली आहेत.

सगळ्या चिपमध्ये पद्धत एकच असते का?

नाही, आणि इथेच मुलं फसतात. एका चिपचा कोड दुसऱ्या चिपवर उचलून ठेवतात.

एसटीएम३२एफ१०३, म्हणजे आपल्याकडे ब्लू पिल म्हणून मिळणारा निळा बोर्ड, यात बदल गटाने होतो. यूएसएआरटी१ मुळात पीए९ आणि पीए१० वर असतं. रिमॅपचा बिट लावला की दोन्ही पिना मिळून पीबी६ आणि पीबी७ वर जातात. एकच हलवू म्हटलं तर हलत नाही. शिवाय रिमॅपचं रजिस्टर एएफआयओ नावाच्या वेगळ्या भागात असतं आणि त्याचं क्लॉक (त्या भागाला चालवणारे ठोके) वेगळं चालू करावं लागतं. ते राहिलं तर तुम्ही लिहिलेलं वाऱ्यावर जातं.

एसटीएम३२एफ४ मध्ये प्रत्येक पिनला ४ बिट आहेत, म्हणजे ० ते १५ असे १६ पर्याय. यूएसएआरटी१ ते ३ साठी ७, आयटूसीसाठी बहुतेक ठिकाणी ४, एसपीआय१ साठी ५, टायमर३ साठी २. कुठल्या पिनवर कुठला आकडा चालतो याचा तक्ता डेटाशीटमध्ये असतो आणि रजिस्टरांची माहिती रेफरन्स मॅन्युअलमध्ये. पुस्तकं दोन आहेत, दोन्ही उघडी ठेवा.

रास्पबेरी पाय पिको बोर्डवरच्या आरपी२०४० मध्ये ३० जीपीआयओ (काम नेमता येणाऱ्या पिना) आहेत आणि प्रत्येकाला फंक्शनचा एक आकडा: १ एसपीआय, २ यूएआरटी, ३ आयटूसी, ४ पीडब्ल्यूएम, ५ साधं इनपुट-आउटपुट, ६ आणि ७ पीआयओ. आकडे सगळीकडे तेच, पण त्या आकड्यामागे कुठलं यूएआरटी आणि टीएक्स (पाठवणारी) की आरएक्स (घेणारी), हे पिनप्रमाणे बदलतं. यूएआरटी० चं टीएक्स जीपी०, १२, १६ आणि २८ वर मिळतं, दुसरीकडे नाही.

ईएसपी३२ मध्ये जीपीआयओ मॅट्रिक्स आहे, म्हणजे जवळजवळ कुठलाही डिजिटल सिग्नल कुठल्याही पिनवर. नॉर्डिकच्या एनआरएफ५२ मध्येही पिनचा नंबर पेरिफेरलच्याच रजिस्टरमध्ये लिहायचा असतो. मायक्रोचिपच्या पिक (PIC) घराण्यातल्या बऱ्याच चिपमध्ये पिना निवडायची पीपीएस नावाची सोय आहे आणि तिला कुलूप आहे, त्याचं पुढे सांगतो.

कोड बरोबर दिसतो, कंपाइल होतो, पण पिनवर काहीच येत नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

परवाच एक मुलगा म्हणाला, "सर, बठ्ठं करी पाह्यं, पिन चालस नही." (सगळं करून पाहिलं, पिन चालत नाही.) त्याच्या बोर्डवर मीटर लावला तर पिन शून्यावरही नव्हती आणि ३.३ वरही नव्हती, मधेच तरंगत होती. याचा अर्थ तिला कुणी मालकच नव्हता. त्याने यूएआरटीचं क्लॉक चालू केलं होतं, पण पोर्ट ए चं क्लॉक राहिलं होतं. क्लॉक बंद असलेल्या पोर्टला लिहिलेलं कळत नाही आणि चिप चूकही दाखवत नाही.

मी पाहतो तो क्रम असा. पोर्टचं क्लॉक. मग पेरिफेरलचं क्लॉक. मग पिनचा मोड. एफ४ मध्ये मोडर नावाच्या रजिस्टरमधले त्या पिनचे दोन बिट १० असतील तरच पिन पेरिफेरलकडे जाते. ०० म्हणजे इनपुट, ०१ म्हणजे साधं आउटपुट, ११ म्हणजे अ‍ॅनालॉग. मग फंक्शनचा आकडा. आणि शेवटी पेरिफेरल स्वतः चालू आहे का. ही पाचही ठिकाणं डीबगरमध्ये रजिस्टर उघडून डोळ्यांनी पाहायची. कोड वाचून "मी लिहिलंय" म्हणणं वेगळं आणि रजिस्टरमध्ये ते पोचलेलं दिसणं वेगळं.

एफ१०३ चा कोड एफ४ वरून उतरवला असेल तर आणखी एक पाहा. एफ१०३ मध्ये टीएक्स अल्टर्नेट फंक्शनमध्ये टाकायची, पण आरएक्स साधी इनपुटच ठेवायची असते.

आकडा बरोबर लिहिला तरी रजिस्टरमध्ये भलताच आकडा दिसतो. का?

एक खरं उदाहरण पाहू. एफ४ वर पीए६ ही पिन आधी टायमर३ ला दिली होती, म्हणजे आकडा २. नंतर तीच एसपीआय१ च्या मिसोला (डेटा आत आणणाऱ्या वायरीला) द्यायची ठरली, म्हणजे आकडा ५. मुलाने जुना आकडा न पुसता ऑर करून (जुन्या बिटांत नवे मिसळून) ५ लिहिला. २ म्हणजे ००१०, ५ म्हणजे ०१०१, दोन्ही मिळून ०१११, म्हणजे ७. सात नंबरला त्या पिनवर काहीच जोडलेलं नाही, त्यामुळे एसपीआय मुकं झालं. तो दोन दिवस वायरी बदलत बसला होता.

आधी ते चारही बिट शून्य करा, मग नवा आकडा लिहा. आणि जागा मोजा. पिन ० ते ७ खालच्या रजिस्टरमध्ये, ८ ते १५ वरच्या. पीए२ चे बिट खालच्या रजिस्टरमध्ये ८ ते ११. पीए९ चे वरच्या रजिस्टरमध्ये ४ ते ७, कारण नऊमधून आठ वजा जाऊन एक उरतो आणि एक चोक चार.

ब्लू पिलवर पीबी३ आणि पीबी४ ऐकतच नाहीत.

त्या जेटॅगच्या, म्हणजे चिप आतून तपासायच्या (डीबगच्या) जोडणीच्या पिना आहेत. चिप चालू होताना पीए१३, पीए१४, पीए१५, पीबी३ आणि पीबी४ या पाचही डीबगसाठी राखून ठेवलेल्या असतात. आपण सगळे एसटी-लिंक प्रोग्रामरने दोन वायरींची एसडब्ल्यूडी ही डीबगची जोडणी वापरतो आणि त्याला फक्त पीए१३, पीए१४ लागतात. एएफआयओमधल्या सेटिंगने "जेटॅग बंद, एसडब्ल्यूडी चालू" केलं की बाकीच्या तीन मोकळ्या होतात.

घाईत दोन्ही बंद केलं तर पुढच्या वेळी प्रोग्रामरला चिप सापडत नाही. चिप मेलेली नसते. रिसेट दाबून धरून जोडणी करा, किंवा बूट० वर करून चालू करा, म्हणजे तुमचा कोड चालायच्या आत तुम्ही आत शिरता. असे बोर्ड "जळाले" म्हणून टाकून देताना मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

ईएसपी३२ ला कुठलीही पिन कुठल्याही कामाला चालते म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. मॅट्रिक्स सिग्नल कुठेही नेतं, पण पिनांना स्वतःचे स्वभाव आहेत.

जीपीआयओ ६ ते ११ फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, तिकडे फिरकू नका. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतून पुल-अप, पुल-डाउन (पिनला उंच किंवा शून्यावर धरणारे रेझिस्टर) नाही. १६ आणि १७ रोव्हर (WROVER) मॉड्यूलवर पीएसरॅमला (जादा मेमरीला) गेलेल्या असतात. यूएआरटी१ च्या मूळ जागा ९ आणि १० आहेत, म्हणजे फ्लॅशवरच, म्हणून ती वापरताना पिना स्वतः सांगाव्या लागतात. अर्डुइनोत सांगताना आधी आरएक्स, मग टीएक्स. उलटं लिहिणारे रोज भेटतात. एसपीआय खूप वेगाने हवा असेल तर मॅट्रिक्समधून ४० मेगाहर्ट्झपर्यंतच जाता येतं. ८० हवे असतील तर ठरलेल्या थेट पिनाच वापराव्या लागतात.

आणि ०, २, ५, १२, १५ या स्ट्रॅपिंग पिना. चालू होताना चिप या पिना वाचून ठरवते की कसं उठायचं. यातली १२ नंबरची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती माझ्या हातून घडली आहे.

रावेर तालुक्यात एका केळीच्या बागेत बोर्ड बसवला होता. कांदेबागेची लागवड, रात्रीची लाइट, शेतकरीदादांना दर रात्री विहिरीवर जायला लागू नये एवढाच हेतू. हौदातला फ्लोट स्विच जीपीआयओ १२ वर घेतला होता. हौद भरला की स्विच जुळतो आणि पिन ३.३ व्होल्टवर जाते. टेबलावर आठवडाभर चालवून पाहिलं, काही अडचण नाही. शेतातही चार-पाच दिवस नीट चाललं. मग एका सकाळी फोन आला, लाइट आली पण बोर्ड मेला. गेलो तर लाल दिवा चालू, बाकी सगळं गप्प. तिथेच लॅपटॉप जोडला तर पडद्यावर फ्लॅश रीड एरर, पुन्हा पुन्हा तीच ओळ. सामान काढून जळगावला आणलं, टेबलावर लावलं, पहिल्याच फटक्यात सुरू.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी हौदापाशी उभा होतो आणि हौद काठोकाठ भरलेला होता. तेव्हा डोक्यात आलं. चालू होताना १२ नंबर उंच असली की चिप समजते, फ्लॅश १.८ व्होल्टची आहे. आमची फ्लॅश ३.३ ची, तिला तेवढं व्होल्टेज पुरत नाही, मग कोडच वाचता येत नाही. हौद रिकामा असताना लाइट गेली-आली तर बोर्ड उठायचा, भरलेला असताना नाही. टेबलावर हौदच नव्हता.

उपाय दोन होते. ईफ्यूज जाळून फ्लॅशचं व्होल्टेज ३.३ वर कायमचं बांधणं, पण एकदा जाळलेला फ्यूज परत येत नाही. किंवा वायर दुसऱ्या पिनवर नेणं. मी वायर ३५ वर नेली. तिथे आतला पुल-डाउन नाही म्हणून बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. दादांनी तीन फेऱ्यांचं एकदाही बोलून दाखवलं नाही, चहा पाजला. पण त्या रात्री पाणी वेळेवर गेलं नव्हतं, हे मला अजून लागतं.

वाय-फाय चालू केलं की मातीच्या ओलाव्याचं रीडिंग बंद पडतं.

सेन्सर एडीसी२ वर आहे. मूळ ईएसपी३२ मध्ये वाय-फाय एडीसी२ वापरतं, तुम्हाला मिळत नाही. एडीसी१ म्हणजे ३२ ते ३९ वर न्या, वाफसा पुन्हा दिसू लागेल. एस३, सी३ या पुढच्या चिपचे तक्ते वेगळे आहेत, तिथे हे नंबर लावू नका.

पिकोवर एकच आरएक्स दोन पिनांवर दिली तर? जी जोडली असेल तिच्यावरून येईल ना?

येईल असं वाटतं, आणि सुरुवातीला येतंही. तेच फसवं आहे. आरपी२०४० मध्ये एकच इनपुट दोन पिनांवर निवडलं तर आत त्यांचा ऑर होतो. दुसरी पिन मोकळी असेल तर तिचा आतला पुल-डाउन तिला शून्यावर धरतो आणि पहिलीचं सगळं नीट पोचतं. मग कधीतरी तुम्ही दुसऱ्या पिनवर जीएसएम मॉड्यूल जोडता. यूएआरटीची वायर निवांत असताना उंच असते. एक वायर कायम उंच राहिली की ऑर कायम उंच, स्टार्ट बिटचा शून्य आत दिसतच नाही आणि दोन्हीकडचं बोलणं बंद होतं. आरएक्स एका पिनवरून दुसरीवर नेताना पहिलीचं फंक्शन आधी काढा.

लाइट आली की क्षणभर सगळे रिले कटकट करतात. कोडमध्ये तर पहिल्याच ओळीत बंद केलेत.

पहिली ओळ चालायच्या आधीही काही मिलिसेकंद जातात. त्या काळात बहुतेक पिना तरंगत्या इनपुट असतात आणि रिलेचा ट्रान्झिस्टर वाऱ्यावर डोलतो. हे कोडने सुटत नाही. रिले उंच सिग्नलवर लागणारा असेल तर पिनपासून ग्राउंडला १० किलोओहम. खालच्या सिग्नलवर लागणारा असेल तर ३.३ व्होल्टला. मोटारीचा स्टार्टर असेल तर हे टाळूच नका. लाइट येण्याच्या क्षणी कॉन्टॅक्टर दोनदा आपटला तर त्याचे पॉइंट जळतात आणि कुणी मोटारीपाशी उभं असेल तर धोका वेगळाच.

आरएस-४८५ (लांबच्या वायरीवर अनेक बोर्ड जोडायची सोय) च्या डीई पिनलाही (पाठवणं चालू करणाऱ्या) पुल-डाउन द्या, नाहीतर चालू होताना तुमचा बोर्ड सगळी लाइन धरून बसतो आणि दुसऱ्या टोकाचे व्हॉल्व्ह बोर्ड कचरा वाचतात. टीएक्सला पुल-अप दिला तर समोरच्याला सुरुवातीचा खोटा अक्षर-कचरा जात नाही.

ईएसपी३२ वर जीपीआयओ १ ला रिले कधीच नको. चालू होताना चिप तिच्यावर बूटचा मजकूर पाठवते आणि रिले त्या तालावर वाजतो.

कोडमध्येही क्रम पाळा. आधी आउटपुटची किंमत लिहा, मग फंक्शनचा आकडा, सगळ्यात शेवटी मोड बदला. मोड आधी बदलला तर पिन एक क्षण भलत्याच कामाला जाते.

आयटूसीसाठी फंक्शन निवडलं की झालं का?

पिन ओपन-ड्रेनही (वायर फक्त खाली ओढणारी) हवी, आणि बाहेरून पुल-अप. ३.३ व्होल्टवर मी ४.७ किलोओहम लावतो. आतले पुल-अप कमजोर असतात, टेबलावर चालतात, मीटरभर वायरीवर नाही.

प्रोग्राम चालू असताना पिनचं काम बदलता येतं का?

येतं, आणि कधी कधी तोच उपाय असतो. आयटूसीचा सेन्सर मध्येच अडकून एसडीए (डेटाची वायर) खाली धरून बसला तर एससीएल (क्लॉकची) पिन थोडा वेळ साधी आउटपुट करा, जास्तीत जास्त ९ पल्स द्या, एसडीए सुटली की स्टॉप द्या आणि पिन परत आयटूसीला द्या. लाइट सारखी जा-ये करते त्या भागात हे प्रत्येक बोर्डात असावं असं माझं ठाम मत आहे. कारण चिप रिसेट होते, सेन्सर होत नाही, आणि तो अर्धवट बाइट तोंडात धरून बसतो.

यूएआरटी एका पिनवरून दुसरीकडे न्यायची असेल तर आधी शेवटचा बाइट पूर्ण बाहेर पडू द्या. बफर रिकामा होणं पुरेसं नाही, शिफ्ट रजिस्टरही रिकामं व्हायला हवं.

पिकमध्ये पीपीएसला कुलूप असतं. हेक्स ५५ आणि मग हेक्स एए लागोपाठ लिहिल्याशिवाय ते उघडत नाही, म्हणून मध्ये इंटरप्ट येऊ देऊ नका. पीपीएस१वे हा कॉन्फिगरेशन बिट लावलेला असेल तर एकदा लावलेलं कुलूप रिसेटपर्यंत उघडतच नाही. शेतात बसणाऱ्या बोर्डासाठी ती चांगली गोष्ट आहे. आणि पिकवर आयटूसीच्या दोन्ही वायरींची इनपुट आणि आउटपुट अशी दोन्ही नोंद करावी लागते. एक राहिली की तासन् तास जातात.

क्यूबएमएक्ससारखं सॉफ्टवेअर सगळं करून देतं. मग डेटाशीट कशाला?

सॉफ्टवेअर वापरा, मीही वापरतो. एका पिनवर दोन कामं आली तर ते लगेच सांगतं. पण तुमच्या पिनवर फ्लोट स्विच आहे की रिले, आणि लाइट येताना हौद भरलेला असेल की रिकामा, हे त्याला माहीत नसतं.

पीसीबी बनवायला टाकण्याआधी काय तपासू?

एक कागद घ्या आणि पिनतक्ता आखा. रकाने पाच: पिन, काम, फंक्शनचा आकडा, चालू होताना ती कशी हवी, आणि तिला बाहेरून काय जोडलंय. चौथा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि माझे रावेरचे तीन फेरे त्याच रकान्याचे होते. भरताना ज्यांना पर्याय नाही ती कामं आधी लिहा: डीबग, क्रिस्टल, यूएसबी, अ‍ॅनालॉग. मग वेगाची कामं, एसपीआय आणि टायमर. साधे दिवे, बटणं, रिले सगळ्यात शेवटी, ती कुठेही बसतात. पिकोवर पीडब्ल्यूएम वापरत असाल तर जीपी० आणि जीपी१६ एकाच चॅनलवर आहेत हेही लिहा, नाहीतर दोन मोटारी एकाच वेगाने फिरतील. दोन पिना मोकळ्या ठेवून त्यांना पॅड काढून ठेवा.

पिना संपल्या तर?

सावकाश कामं बाहेर काढा. ठिबकचा व्हॉल्व्ह तासाला एकदा उघडतो, त्याला चिपची स्वतःची पिन कशाला? ७४एचसी५९५ हा शिफ्ट रजिस्टरचा आयसी तीन पिनांत आठ आउटपुट देतो आणि एकाला एक जोडून वाढवता येतो. आयटूसी मोकळी असेल तर एमसीपी२३०१७ दोन वायरींत १६ पिना देतो. फक्त ५९५ चालू होताना आत काय घेऊन उठेल याचा भरवसा नसतो. म्हणून त्याच्या आउटपुट एनेबल पिनला पुल-अप द्या, म्हणजे आउटपुट तुटलेलेच राहतात. व्हॉल्व्हच्या ट्रान्झिस्टरना पुल-डाउन आहेच. आधी सगळे शून्य आत ढकला आणि मगच एनेबल पिन खाली ओढा.